पाटी

खुर्ची ओढ, आयझिरेक. शेगडीजवळ नको,
तिथून सहा नंबरचा दिवा दिसत नाही.
चहा घे. मीठ घातलंय, दूध संपलं.
ही घरघर ऐकतेस ना, बसबारची?
पहिला आठवडा ती झोपू देत नाही.
नंतर कधीतरी ती थांबते,
आणि झोप उडते ती तेव्हा.

नारीनच्या संस्थेत शिकवलं असेल तुला
की आपण वीज जोडतो, वाटतो.
खोटं नाही ते. पण दोन तारांना पीळ घालून
मेंढपाळसुद्धा जोडतो.
आपल्याला पगार मिळतो तो तोडण्याचा.

त्या टाकीत तेल आहे. तेलात दोन बोटं,
एकमेकांत अडकवलेली, पस्तीस हजार व्होल्टची.
वर खिंडीत बर्फाने तार खाली आली
की रिले खटकतो, स्प्रिंग सुटते,
बोटं लांब होतात.
वीज मात्र हात सोडत नाही.
फटीतून पेटत राहते, ताणत राहते,
तेलाला उकळ्या फोडते.
मग शून्य येतं.
सेकंदाला शंभर वेळा येतं ते.
इकडचा प्रवाह तिकडे वळताना
एवढासा दम खातो.
ब्रेकर जोर करून जिंकत नाही, पोरी.
तो त्या दमाची वाट बघतो
आणि मध्ये तेल सारतो.
माझ्या काडीमोडाच्या वेळी
मला काही हे साधलं नाही.

ती लाल पाटी बघ, हुकावरची.
रंग उडालाय, अक्षरं वाचता येतात :
चालू करू नका. माणसं कामावर आहेत.

नऊ वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, मेंढ्या वीत असताना
सहा नंबर पडला.
तुर्गुनबाय तिघांना घेऊन खांबावर गेला.
मी आयसोलेटर उघडला, दोन्ही पाती वर गेलेली
खिडकीतून डोळ्यांनी पाहिली,
अर्थिंग लावलं, पाटी अडकवली
आणि वहीत वेळ लिहिली : एक वाजून चाळीस.
अडीचला बहिणीचा फोन.
दिव्याखाली अकरा कोकरं होती तिची,
बाहेर उणे सव्वीस.
"झिपारकुल, एक बटण, फक्त एक बटण."
साडेतीनला जिल्ह्याचे साहेब.
त्यांनी माझं नाव, वडिलांचं नाव आणि पेन्शन,
तिन्ही एका दमात उच्चारलं.
मी म्हटलं, पाटी आहे.
ते म्हणाले, पत्र्याचा तुकडा आहे तो.
खरंच होतं. पत्र्याचाच आहे.
मागे अजून टिनच्या डब्यावरचा मासा दिसतो.

सहा वाजता तुर्गुनबाय आला,
मिशांवर बर्फ, हातमोजे फाटलेले.
चार माणसं गेली होती. मी चार मोजली.
दोनदा मोजली, त्याला राग आला.
मग त्याने आपल्या हाताने पाटी काढली.
त्याच्याशिवाय कुणी काढायची नसते.
अर्थिंग सोडलं, पाती खाली, आणि ब्रेकर :
धप्प, जमिनीतून, टाचांना कळेल असा.
खाली खोऱ्यात एकेक खिडकी लागत गेली.

सात कोकरं मेली.
चार तिने चुलीशी, स्वतःच्या कोटात घालून जगवली.
दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी.

पुढच्या वर्षी नव्या पेट्या येणार म्हणतात,
आत गॅस, बाहेर गुळगुळीत पत्रा.
फट दिसायची नाही, फक्त हिरवा दिवा लागेल.
दिवा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही.
पण पेटीला झरोका असेल बघ कुठेतरी,
लहानसा. त्याला डोळा लावायला
लाजू नकोस. हसणारे हसू देत.

बहीण आता बोलते. दिवे गेले
की फोनवर आधी विचारते, पाटी आहे का?
आहे म्हटलं की शिव्या देते
आणि फोन ठेवते.

ऊठ, तीन वाजले. आकडे लिही.
पेन आधी मुठीत धर जरा,
शाई गोठलेली असते.